कोपऱ्यातलं वासरू

कुरुळी,
ता. ६ नोव्हेंबर १९८०

प्रिय भिवा,
सप्रेम नमस्कार वि. वि.

चार वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. कुणी मेलेलं नाही. म्हणजे माणसांपैकी कुणी नाही.

पत्ता हिंदुरावाने दिला. शनिवारी चाकणच्या बाजारात भेटला. भोसरीला तुझ्याच फाउंड्रीत लागलाय म्हणे, आणि हातात घड्याळ बांधून असा काही फिरत होता की कारखाना त्याच्या सासऱ्याचाच असावा. तो म्हणाला, "डाक्टर, भिवाला लई खोकला झालाय. भट्टीवर असतोय ना." मला आवडलं नाही ऐकून. आडुळशाचा काढा घे. आणि सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढून घे, चालढकल करू नकोस.

इकडची खबर अशी. आपल्या वासरू केंद्राला नवे पत्रे घातले. विहिरीवर मोटार बसली, ती आठवड्यातून चार दिवस रुसलेली असते. वासरं आता जुन्नरकडून येतात. अण्णासाहेब अजून मॅनेजरच आहेत, फक्त पोट पुढे आलंय. शालनचा गुडघा दुखतो, माझ्या मिशा पिकल्या. गाव मला अजून डॉक्टर म्हणतं. एका वर्षाचा कोर्स केलेला मी गुरांचा साधा स्टॉकमन, हे तुला आणि मलाच नीट ठाऊक. पण मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. माझ्या बऱ्याच गोष्टी अशा दुरुस्त न करता राहिल्यात.

परवा वसुबारस झाली. गावातल्या बाया ताटं घेऊन आल्या. सवत्स गाय पुजायची म्हणून आमच्याकडच्या दोन गाई आणि त्यांची वासरं बाहेर बांधली. शालन म्हणाली, "हरणीलापण आणा की." मी म्हणालो, तिला वासरू कुठंय. हरणी आठवते ना? तू नाही तर कुणाला आठवणार. म्हातारी झाली. दोन्ही डोळ्यांत सारा पडून दिसेनासं झालंय. दिवसभर वासरांच्या गोठ्यातल्या त्या कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून उभी असते आणि भिंत चाटते. आधी चुना गेला, मग गिलावा गेला, आता वीट दिसते. विटेलाही खळगा पडलाय, माझी मूठ मावते.

एवढ्यावर असतं तर म्हातारीचा चाळा म्हणून सोडून दिलं असतं. पण गेल्या पंधरवड्यात जी वीस वासरं ट्रकने आली, त्यांतली काही आता तिथेच जाऊन चाटतात. एक हटलं की दुसरं. त्यांनी तर इथलं काहीच पाहिलेलं नाही रे. वारा इकडचा असला की दुपारी दोनचा भोसरीचा भोंगा ऐकू येतो. तो झाला की वीसच्या वीस माना त्या कोपऱ्याकडे वळतात. तिथे काही नाही. मी दोनदा जाऊन पाहिलं. आणि मग त्यांच्यातलं एक खोकतं. सुका, बारीक खोकला. तो तू ओळखशील.

उगाच आठवलं म्हणून विचारतो. तू तेव्हा ते पेंढ्याचं वासरू शिवलं होतंस, त्याच्या डोळ्यांच्या जागा शिवून टाकल्या होत्यास की उघड्या ठेवल्या होत्यास? मला नीट आठवत नाही. सहज विचारलं. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

चतुरा मॅट्रिक झाली आणि आपल्या दूध संघात दूध तपासणीच्या जागेसाठी तिने अर्ज केला, हेही हिंदुरावानेच सांगितलं. फार आनंद झाला. परकरात येऊन वासरांना बोट चोखायला देणारी पोर ती! मुलाखत २२ डिसेंबरला आहे. त्यात एक किरकोळ अडचण आहे, तीही सांगून ठेवतो. संघाच्या फाइलीत तुझ्या नावापुढे जुना शेरा आहे, आणि वडिलांचं नाव बघून तो कारकुनाने वर काढलाय. तो शेरा कुणी लिहिला, का लिहिला, ह्या जुन्या गोष्टी आता उकरण्यात अर्थ नाही. मी बघतो काय करायचं ते.

घरी कस्तुराबाईंना नमस्कार. तुझ्या आई, सरूबाई, आहेत ना अजून? त्यांनाही.

तुझा,
आबाजी
(डॉक्टर!)


कुरुळी,
ता. ९ डिसेंबर १९८०

श्री. भिवाजी यांस,

तुमचं कार्ड मिळालं. अक्षर चतुराचं असावं, सरळ आणि न घाबरलेलं. दोनच ओळी. "डोळे शिवू नका, असं बाबा म्हणतात. आणि बाबा विचारतात, ते जाळलं कुणी?"

कार्ड तेरा दिवस माझ्या खिशात आहे. घामाने शाई फुटली, पण दुसरी ओळ तेवढी फुटली नाही.

तुम्ही माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. मी तुम्हाला कायम अरे-तुरे केलं, मागच्या पत्रातही केलं. आज हात तसा चालत नाही. सगळं पहिल्यापासून लिहितो. मधे थांबलो तर पुन्हा लिहिणं होणार नाही.

शहात्तर साल. संकरित कालवडी गरिबांना वाटायच्या, पिंपरीच्या कामगारांना दूध पुरवायचं, म्हणून हे केंद्र. वासरं दोन-अडीच महिन्यांची, आईपासून त्याच दिवशी तोडलेली, वीस-वीसच्या खेपेने ट्रकमधून उभ्याने आणलेली. आणि माझं ते वेळापत्रक! खडूने फळ्यावर लिहिलेलं. सकाळी आठ, उतरवणे. साडेआठ, वजन. नऊ, कानात बिल्ला. दहा, घटसर्पाची लस. अकरा, शिंगांचे कोंब डागणे. दुपारपासून दूध बंद, कांजी सुरू. मी साहेबलोकांना छाती फुगवून सांगायचो की आमच्याकडे एका दिवसात सगळं उरकतं. तुम्ही पहिल्याच खेपेला म्हणाला होतात, "डाक्टर, आज नगा डागू. आय सुटलीया, पोरं उभ्यानं आल्यात. भ्याल्यात ती. जरा वास तरी घिऊ द्या जागंचा." मी म्हणालो, कोर्स तू केलास का मी?

आठव्या दिवशी खोकला. नवव्या दिवशी नाकातून घट्ट शेंबूड, मान लांब, तोंड उघडं, पुढच्या पायांची कोपरं बाहेर काढून उभी. छातीला कान लावला की आत ओलं पीठ चुरल्यासारखा आवाज. मी सल्फाच्या गोळ्या दिल्या, टेट्रासायक्लिन टोचलं. पहिल्या खेपेतली सात गेली, दुसरीतली नऊ. मी चुना मारला, फिनेल ओतलं, फाटकाशी पाय धुवायला पाणी ठेवलं. रोग बाहेरून येतो म्हणून मी बाहेरचा माणूस शोधत होतो.

दुसऱ्या खेपेबरोबरच हरणीचंही वासरू गेलं. केंद्रातच जन्मलेलं ते काळं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं. हरणी पान्हा सोडेना, आणि अशक्त वासरांना तिचंच दूध लागायचं. मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून गाईपुढे उभं केलं की ती पान्हा सोडते, हे माझ्या घरी सगळ्यांना ठाऊक होतं. हेही ठाऊक होतं की ते करणारे हात आमचे नसतात.

मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "छप्पन साली आमच्या समद्या वस्तीनं ते काम सोडलंय. आय जित्ती हाय माझी, तिच्या म्होरं शब्द दिलाय." मी त्यावर काय बोललो ते तुम्हाला आठवत असेलच, तरी माझ्या हाताने लिहितो. मी म्हणालो, "तुला कामावर ठेवायचं की नाही, हे महिन्याअखेर मीच लिहितो."

तुम्ही लिंबाखाली बसून दाभणाने शिवलंत. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत. त्यानंतर सरूबाईंनी तुम्हाला दारातून आत घेतलं नाही, तुमचं ताट ओट्यावर ठेवलं. कातड्याला हात लावला म्हणून नव्हे, शब्द मोडला म्हणून. हे मला कस्तुराबाईंनी रडत सांगितलं होतं. मी म्हणालो, होईल सगळं ठीक.

आता तिसरी खेप. इथे मला सावकाश लिहायला हवं.

हरणी त्या पेंढ्याच्या वासराला दिवसभर चाटायची. तिच्या लाळेने ते ओलं आणि चकचकीत राहायचं, त्याला गाईचा वास यायचा. नवी वीस वासरं उतरली आणि हंबरून हंबरून त्यांचे गळे बसले, तेव्हा तुम्ही ते उचलून त्यांच्या गोठ्यात त्या कोपऱ्यात नेऊन उभं केलंत. मला विचारलं नाहीत. तासाभरात हंबरणं थांबलं. सकाळी मी पाहिलं तर वीसही वासरं त्याच्याभोवती बसलेली, जवळच्यांनी त्याच्या पोटावर माना टाकलेल्या, आणि मधे ते, डोळ्यांच्या भोकांतून पेंढ्याच्या काड्या बाहेर आलेलं. आठवा दिवस गेला. दहावा गेला. बारावा गेला. एकही खोकलं नाही.

मी खूश व्हायला हवं होतं. मी भ्यालो, भिवाजी. खरं सांगतो, इतका कधी भ्यालो नव्हतो. मेलेलं जनावर जित्यांना सांभाळतंय हे मला बघवेना. दुपारी गोठा सामसूम असायचा. मी दारात उभा राहिलो की वीस जिवंत वासरं मान वर करून माझ्याकडे बघायची, आणि एकविसावं आधीपासूनच बघत असायचं. मला वाटायला लागलं की ते रोज थोडं वाढतंय. एकदा फीत घेऊन मोजलं. तेवढंच होतं. तरी मी रोज मोजत राहिलो.

चौथ्या खेपेबरोबर अण्णासाहेब तपासणीला येणार होते. आदल्या दिवशी मी तुम्हाला पेंड आणायला चाकणला धाडलं. त्यात दुसरा काही हेतू नव्हता असं मी चार वर्षं स्वतःला सांगतोय. दुपारी ते ओढत गोठ्यामागे नेलं, रॉकेल ओतलं आणि काडी लावली.

मी जाळलं. मी एकट्याने.

कातडं तापलं की आखडतं, हे मला ठाऊक आहे. तेव्हाही ठाऊक होतं. पण आधी त्याने मागचं अंग उचललं. मग पुढचे गुडघे मुडपले, मग मान वर केली. गुरं उठतात अगदी तसं, त्याच क्रमाने, सावकाश. तेवढ्यात भोसरीचा भोंगा झाला. वीस वासरं जाळीला येऊन चिकटली होती आणि त्यांच्यातून एकही आवाज येत नव्हता. भोंगा थांबला आणि आगीतून कुणीतरी खोकलं. दोनदा. ओल्या पेंढ्यात हवा अडकली की फुटते, हेही मला ठाऊक आहे. हे मी शालनलाही सांगितलेलं नाही.

चौथ्या खेपेतली अकरा मेली. तिसरीतली, धडधाकट झालेली पाच, त्यांच्यामागून गेली. अण्णासाहेबांनी लेखी कारण मागितलं. मी लिहिलं, "मजूर भिवा याने मृत वासराचे कातडे गोठ्यात ठेवल्यामुळे संसर्ग पसरला." तिसऱ्या खेपेत ते कातडं तिथेच असताना एकही दगावलं नाही, ही ओळ मी लिहून खोडली आणि अहवाल स्वच्छ उतरवून काढला. फाइलीतला शेरा तो. तुम्ही जाताना फाटकात विचारलंत, "डाक्टर, जाळलं कुणी?" मी म्हणालो, वरून हुकूम होता. कसलाही हुकूम नव्हता.

दोन वर्षांपूर्वी मला पुण्याला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे कुसुमताई म्हणून एक डॉक्टरीणबाई शिकवायला होत्या. त्यांनी मेलेल्या वासराचं फुप्फुस टेबलावर कापून दाखवलं, यकृतासारखं घट्ट आणि लाल झालेलं. मी विचारलं, बाई, हा जंतू बाहेरून येतो तरी कुठून? त्या म्हणाल्या, "बाहेरून यायलाच हवा असं कुठंय? धडधाकट वासराच्याही नाकात तो असतोच. गप्प बसून असतो. वासराला आईपासून तोडलं, ट्रकमध्ये घातलं, अनोळखी कळपात सोडलं, वर डागलं, की ते भितं. भ्यालेल्या अंगातली राखण मंदावते. मग तो नाकातून खाली छातीत उतरतो."

बाकीचे वहीत लिहून घेत होते. मी नाकावर हात ठेवून बसलो होतो. म्हणजे मी चुना मारत फिरत होतो तेव्हा तो प्रत्येकाच्या नाकात बसून माझ्या वेळापत्रकाची वाट बघत होता. आणि तुम्ही कोर्स न करता त्यांची भीती काढलीत, ती मी जाळली.

हे कळून दोन वर्षं झाली. मी गप्प राहिलो. हिंदुराव भेटला नसता आणि चतुराचा अर्ज आला नसता तर अजूनही राहिलो असतो. मागच्या पत्रात "मी बघतो" लिहिलं ना, तेव्हा माझ्या मनात फाइल हळूच गहाळ करायची होती. तुमची दुसरी ओळ वाचली आणि ते जमेना.

तुमच्या खोकल्याचंही मनातून जात नाही. तुम्हालाही एका दिवसात जागेवरून उपटलं होतं.

आता मी काय केलं ते. दिवाळीनंतर त्या खेपेतली चार गेली. चौथं तांबडं होतं. मी त्याचं कातडं काढलं. त्याच लिंबाखाली बसलो. तीन दिवस लागले, बोटांत दाभण दोनदा शिरलं. तुमच्या कामाला आलेली सफाई त्याला नाही, एक पाय आखूड झालाय. डोळे शिवले नाहीत. शालनने माझं ताट पडवीत ठेवलं. थोरला भाऊ फाटकाबाहेरून बोलला, "आबाजी, घराण्याचं नाव काढलंस." मी जेवलो. बरं वाटलं असं म्हणणार नाही, पण घास घशाखाली उतरला.

फळा पुसून टाकलाय. नवी खेप २९ तारखेला आली. तीन आठवडे डागणं नाही, बिल्ला नाही, दूध एकदम बंद नाही. आज अकरावा दिवस. मी रोज दोन वाजता गोठ्यात कान देऊन बसतो. भोंगा होतो, माना वळतात, आणि कुणीही खोकत नाही. हे फळा पुसल्याने झालं की त्या कोपऱ्यातल्याने, कुसुमताईंनी विचारलं तर मला सांगता येणार नाही. हरणीने मात्र भिंत सोडली. तिला दिसत नाही, तरी मी ते कोपऱ्यात आणून टेकवलं त्याच सकाळी ती वळली आणि त्या आखूड पायापासून चाटायला लागली.

मी माझा जबाब लिहिला, तीन प्रती. एक अण्णासाहेबांना, एक जिल्ह्याच्या कचेरीत, एक सोबत आहे. त्यात खोडलेली ओळ पुन्हा लिहिली आहे. अण्णासाहेब म्हणाले, "तुमच्या नोकरीची चार वर्षं राहिलीत, आबाजी. पंधरा तारखेच्या आत कागद मागे घ्या, मी पाहिलाच नाही असं समजेन." मी घेणार नाही. घरी बसवतील, चौकशीही लागेल. लागू दे. चतुराला सांगा, २२ तारखेला ही प्रत बरोबर ने. त्यांनी फाइल काढली तर तिने काही बोलायचं नाही, फक्त हा कागद टेबलावर ठेवायचा.

तुम्ही इथे यावं असं मी म्हणणार नाही. माफीही मागत नाही. ती मागितली की तुमच्यावर आणखी एक काम टाकल्यासारखं होतं.

एकच राहिलं. तुम्ही इथे होतात तोवर रोज सकाळी फाटकातून आत येताना "जय भीम, डाक्टर" म्हणायचात. मी "हां" म्हणायचो. काल सकाळी फाटक उघडलं आणि तुमचे ते शब्द मी मोठ्याने म्हणून पाहिले. रस्ता रिकामा होता. मागे सळसळ झाली म्हणून वळलो. जी वासरं तुम्हाला कधीच भेटली नाहीत, ती वीसही उठून फाटकाकडे तोंड करून उभी होती, वाट बघत.

जय भीम, भिवाजी.

जाळणारा,
आबाजी